जर्मन शब्द लक्षात राहत नाहीत? ऑनलाइन काय वापरायचं आणि कसं वापरायचं

जर्मन शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच फोनवर पाच-सहा ॲप येतात, यूट्यूबवर चॅनल सबस्क्राइब होतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हजारो शब्दांची पीडीएफ टाकतं ती पण डाउनलोड होते, आणि महिन्याभराने "दाराला काय म्हणतात" असं विचारलं तर ट्यूअर आठवतं पण त्याच्या आधी लिंग दाखवणारं डेअर, डी की दास ते काही केल्या आठवत नाही. मी पुण्यात ए1 ते बी1, म्हणजे जर्मनच्या पहिल्या तीन लेव्हल शिकवते आणि हे दर बॅचला बघते. मुलं मेहनत घेतात, त्यात काही कमी नसतं, पण ती मेहनत सहा ठिकाणी वाटली जाते आणि कुठलंच ठिकाण पूर्ण होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की साधनं चारच ठेवा आणि प्रत्येकाला एकच काम द्या. कुठले शब्द शिकायचे ते सांगणारी एक यादी, शब्द नीट बघायला एक डिक्शनरी, विसरू न देणारं एक ॲप, आणि तो शब्द माणसांच्या तोंडून ऐकायला एक जागा. आणि दुसरी गोष्ट, जी फार कोणी सांगत नाही: अर्थ इंग्रजीत साठवू नका, मराठीत साठवा. का ते पुढे येतंच.

इथे जर्मन शब्द मी देवनागरीत लिहितेय, पण तुमच्या वहीत आणि कार्डावर जर्मन स्पेलिंगच हवं, देवनागरीत उच्चार लिहायची सवय लागली की परीक्षेत लेखनाचे मार्क जातात.

आधी यादी

ग्योटे इन्स्टिट्यूट म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, त्यांच्या ए1, ए2 आणि बी1 परीक्षांच्या शब्दयाद्या फुकट पीडीएफमध्ये मिळतात. सर्चमध्ये ग्योटे, लेव्हलचं नाव आणि वोर्टलिस्टं असं टाका, मिळतेच. ए1 ला साधारण 650 शब्द, ए2 ला 1300 च्या आसपास, बी1 ला 2400 च्या आसपास, आणि वरच्या यादीत खालचे शब्द धरलेलेच असतात, म्हणजे बी1 पर्यंत एकूण डोंगर अडीच हजारांचाही नाहीये. हे कळलं की निम्मं टेन्शन जातं, कारण त्या व्हॉट्सॲपवाल्या पीडीएफमध्ये कुठला शब्द आत्ता लागणार आणि कुठला दोन वर्षांनी ते काहीच कळत नाही.

यादी उघडल्यावर अ पासून पाठ करत सुटू नका. सुरुवातीला विषयवार गट दिलेत, आकडे, महिने, घड्याळ, कुटुंब, रंग, ते आधी घ्या. मग अक्षरवार यादीत प्रत्येक शब्दासमोर छोटी छोटी वाक्यं आहेत, सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे आणि बहुतेक जण तेवढाच सोडून फक्त शब्द वाचतात. परीक्षेत शब्द येतो तो अशाच वाक्यात बसून येतो, सुटा कधीच येत नाही.

बी1 च्या यादीत काही शब्दांपुढे ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या खुणा दिसतील, ती परीक्षा जर्मनीसकट तिन्ही देशांतल्या संस्थांनी मिळून केलेली आहे म्हणून. जानेवारीला जर्मनीत यानुआर, ऑस्ट्रियात येनर. सायकलला जर्मनीत फारराड, स्वित्झर्लंडमध्ये वेलो. जिथे जाणार तिथला शब्द बोलायला शिका, दुसरा ओळखता आला तरी पुरे.

डिक्शनरी: फक्त अर्थ बघून बाहेर पडू नका

पटकन अर्थ बघायला लिओ किंवा डिक्ट डॉट सीसी छान आहेत, दोन्ही फुकट, दोन्ही इंग्रजी-जर्मन. पण अर्थ कळणं म्हणजे शब्द येणं नाही. त्यासाठी मी सगळ्यांना डीडब्ल्यूडीएस या साइटवर पाठवते, बर्लिनमधल्या विज्ञान अकादमीने चालवलेला डिजिटल शब्दकोश आहे, पूर्ण फुकट. सगळं जर्मनमध्ये आहे म्हणून ए1 ची मुलं घाबरतात, पण तुम्हाला पानावरच्या तीन-चारच गोष्टी बघायच्या आहेत.

एक शब्द घेऊनच दाखवते. एन्टशायडुंग, म्हणजे निर्णय. पान उघडलं की अगदी वर लिंग आणि अनेकवचन दिसतं: डी एन्टशायडुंग, अनेकवचन एन्टशायडुंगन. शेजारी स्पीकरचं चिन्ह, ते दाबा आणि मोठ्याने म्हणा, मनात नाही. मग थोडं खाली स्क्रोल केलं की "टिपिशं फेअरबिंडुंगन" असा एक चौकोन येतो, त्यात या शब्दासोबत नेहमी येणारे शब्द लहान-मोठ्या अक्षरात पसरलेले असतात, जो जास्त वेळा येतो तो मोठा. तिथे ट्रेफन दिसेल. ट्रेफन म्हणजे खरं तर भेटणं, पण निर्णय "घ्यायचा" असेल तर जर्मन माणूस हेच क्रियापद वापरतो: आइनं एन्टशायडुंग ट्रेफन. आता इंग्रजीतून आलेला माणूस इथे माखन (करणे) लावतो, मराठीतून आलेला नेमन (घेणे) लावतो, दोन्ही चुकतं, आणि साध्या अर्थ देणाऱ्या ॲपमध्ये हे कळायला मार्गच नसतो. त्या ट्रेफनवर क्लिक केलं की वर्तमानपत्रांतली खरी वाक्यं समोर येतात, त्यातलं सगळ्यात छोटं आणि तुम्हाला पूर्ण समजणारं वाक्य उचलायचं. बास, झालं. एका शब्दाला दोन मिनिटं लागतात, पण तो शब्द परत कधी पहिल्यापासून शिकावा लागत नाही.

याच साइटवर ग्योटेच्या त्या तिन्ही लेव्हलच्या याद्यापण टाकल्यात, शब्दावर क्लिक केलं की थेट हेच पान उघडतं, आणि यादी फाइल म्हणून उतरवूनही घेता येते. डूडनची साइटही चांगली आहे, 1880 पासूनचं नाव आहे ते, तिथे शब्द किती वापरात आहे हे दाखवणाऱ्या पट्ट्या असतात, पट्टी एकच भरलेली असेल तर ए2 ला तो शब्द खुशाल सोडून द्या. क्रियापदांची सगळी रूपं एकत्र बघायला फेअरबफॉर्मन ही साइट. डिक्शनरीतला आवाज पुरेसा वाटला नाही तर फॉर्व्हो, तिथे वेगवेगळ्या गावच्या माणसांनी शब्द उच्चारून ठेवलेत.

हे सगळं करण्याआधी फोनमध्ये जर्मन कीबोर्ड टाकून घ्या, दोन टिंबांची अक्षरं नीट टाइप करा. शोन म्हणजे "आधीच" आणि शोएन म्हणजे "सुंदर", फरक फक्त त्या टिंबांचा. लॅपटॉपवर जर्मन कीबोर्ड लावला तर वाय आणि झेडची जागा अदलाबदल होते, पासवर्ड टाकताना लक्षात ठेवा.

कार्डं: अँकी, आणि पुढच्या बाजूला मराठी

1885 मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरायला होतं आणि अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. अँकी हे कार्डांवर उजळणी करून घेणारं ॲप नेमकं तेच काम करतं, जे कार्ड तुम्हाला येतं ते लांब ढकलतं, जे चुकतं ते लवकर परत आणतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, अँड्रॉइडला अँकीड्रॉइड या नावाने, आयफोनचं ॲप विकत घ्यावं लागतं पण आयफोनवर ब्राउझरमधून अँकीवेब फुकट चालतं. नावात अँकी असलेली दुसरी ॲपही स्टोअरमध्ये आहेत, इन्स्टॉल करताना नाव नीट वाचा.

तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे मिळतात, हजारो कार्डांचे, पण मी ते वापरू नका असंच सांगते. एक तर अर्थ इंग्रजीत असतात, आणि दुसरं म्हणजे ज्या शब्दाचं कार्ड तुम्ही स्वतः बनवलंय तो शब्द बनवतानाच अर्धा पाठ होतो. रोज नवीन 20 कार्डं असं सेटिंग आधीपासून असतं, ते 10 करा. दहाने काय होणार असं वाटतं, पण उजळणीची कार्डं साठत जातात, आणि वीसवाले लोक तिसऱ्या आठवड्यात समोर दीडशे-दोनशे कार्डं बघून ॲप उघडायचंच बंद करतात. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नवीन कार्डं घेऊ नका, फक्त जुनी संपवा.

कार्ड कसं असावं? पुढे मराठी, मागे जर्मन. पुढे "निर्णय घेणे", मागे आइनं एन्टशायडुंग ट्रेफन, त्याखाली ट्रिफ्ट, ट्राफ, हाट गेट्रोफन ही रूपं, आणि ते डीडब्ल्यूडीएसमधून उचललेलं वाक्य. नाम असेल तर डेअर-डी-दास आणि अनेकवचनाशिवाय कार्ड सेव्हच करू नका, बूख एकटा नाही, दास बूख, डी ब्यूशर. क्रियापदासोबत ठराविक अव्यय येत असेल तर गाळलेल्या जागेचं कार्ड करा: इश वार्टं, मग रिकामी जागा, मग डेन बुस. मागे आउफ. "बसची वाट बघतोय" यातल्या "ची" ला जर्मनमध्ये काय हे विचार करून कधीच सापडत नाही, ते सवयीनेच येतं.

आता मराठीच का. बहुतेक साधनं इंग्रजीतून जर्मन शिकवतात, त्यामुळे आपण आधी मराठीतून इंग्रजीत जातो आणि मग जर्मनमध्ये, आणि त्या मधल्या टप्प्यावर आपल्याकडे आधीच असलेल्या कितीतरी गोष्टी गळून पडतात. आकडे बघा. 45 ला इंग्रजीत चाळीस आधी, जर्मनमध्ये पाच आधी: फ्युन्फउन्टफिअरत्सिश. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे महिनोन्महिने अडखळतात, फोन नंबर उलटे लिहितात, पण पंचेचाळीस म्हणून विचार केला तर पाच आधीच आहे, मराठीत एकक पहिल्यापासून पुढेच असतो. म्हणून आकड्यांच्या कार्डावर पुढे मराठी आकडा अक्षरात लिहा. मराठी आकडेच विसरले असतील तर आधी ते पाठ करा, दुहेरी फायदा.

घड्याळाचं मात्र सांभाळून. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, आणि हाल्प द्राय ऐकलं की आपल्या डोक्यात लगेच साडेतीन येतं. नाही, अडीच! जर्मन माणूस तिसऱ्या तासातला अर्धा झाला असं मोजतो, त्यामुळे साडेतीनला हाल्प फिअर. डॉक्टरची अपॉइंटमेंट एक तास चुकवण्याएवढा फरक आहे हा, म्हणून यावर निदान चार-पाच कार्डं करा, वेगवेगळ्या वेळांची. आणि तुम्ही जर श्टुटगार्टच्या बाजूला किंवा पूर्व जर्मनीत जाणार असाल तर तिथे बरेच लोक पावणेचारला द्रायफिर्टल फिअर म्हणतात आणि सव्वातीनला फिर्टल फिअर, चौथ्या तासातला पाव भाग झाला या हिशोबाने. पुस्तकात सव्वातीनला फिर्टल नाख द्राय शिकवतात, ते सगळीकडे चालतं, पण समोरचा काय म्हणतोय ते कळायला हवं.

लिंगाचं पण तसंच. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, तो-ती-ते जन्मापासून आहेत, फक्त प्रत्येक शब्दाला ती जुळत नाहीत. मी काय करायला सांगते, जिथे जुळतं तिथे नुसती बरोबरची खूण करा: ते घर दास हाउस, ते पुस्तक दास बूख, ते पाणी दास वासर, ते मूल दास किंट, तो चंद्र डेअर मोन्ट. यांना वेगळी मेहनत नको. जिथे जुळत नाही तिथेच जोर लावा: सूर्य आपला तो, त्यांची डी झोनं, खुर्ची आपली ती, त्यांचा डेअर श्टूल, दार आपलं ते, त्यांची डी ट्यूअर. अशा कार्डांना अँकीत एक वेगळा टॅग द्या आणि आठवड्यातून एकदा फक्त तेवढीच फिरवा. शिवाय शेवटावरून लिंग कळणारे शब्द भरपूर आहेत, उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट हे शेवट आले की डी, आणि शेन किंवा लाइन आला की दास. म्हणून मुलगी, मेडशेन, दास आहे. आपण "ते पोरगं" म्हणतोच की.

उच्चारातही आपला एक फायदा आहे, झेडने सुरू होणारे शब्द. त्साइट, त्सेन, त्सुग यातला पहिला आवाज म्हणजे आपल्या चमच्यातला च. हिंदी किंवा इंग्रजीतून शिकणारे बिचारे झ म्हणत राहतात, तुम्ही चांगला, चोर, चमचा म्हणता तसं म्हणा, झालं.

लांबलचक शब्दांना घाबरू नका, ते समासच असतात, आणि लिंग शेवटच्या पदाचं. क्रांक म्हणजे आजारी, मग क्रांकनहाउस हॉस्पिटल, क्रांकनवागन ॲम्ब्युलन्स, क्रांकनकासं आरोग्य विम्याची संस्था. एका कार्डावर असा एक कुटुंबगट ठेवायला हरकत नाही, पण चारच्या वर नको, मग ते कार्ड कायम चुकतं.

ऐकायची जागा

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची निकोस वेक ही व्हिडिओ मालिका ए1 ते बी1, पूर्ण फुकट. निको नावाचा मुलगा जर्मनीत येतो, विमानतळावरच त्याची बॅग हरवते आणि तिथून गोष्ट सुरू होते. प्रत्येक धड्यासोबत शब्दांची यादी आणि एक्सरसाइज आहेत. एक भाग आधी सबटायटलशिवाय बघा, मग जर्मन सबटायटल लावून, आणि त्यातले जे शब्द ग्योटेच्या यादीतही आहेत त्यांचीच कार्डं करा. अनोळखी शब्द दिसला की लगेच पॉज करून लिहायची घाई नको, शब्द महत्त्वाचा असेल तर पुढच्या दोन भागांत परत येतोच.

ज्यांना शिस्तीत धड्यामागून धडा हवा त्यांच्यासाठी जर्मनीतल्या लोकविद्यापीठांचं व्हीएचएस लेर्नपोर्टाल आहे, तेही फुकट, त्यात लिहायच्या एक्सरसाइजही आहेत. ड्युओलिंगो रोज उघडायची सवय लावतं हे खरं, पण अनेकवचनं आणि सोबत येणारी क्रियापदं तिथे हातात येत नाहीत, त्यामुळे बसमध्ये वेळ घालवायला ठीक, मुख्य साधन म्हणून नको.

ए2 झाल्यावर यूट्यूबवर इझी जर्मन सुरू करा. रस्त्यावर लोकांना थांबवून प्रश्न विचारतात आणि खाली जर्मन-इंग्रजी दोन्ही सबटायटल असतात. इथे तुम्हाला डॉख, माल, हाल्ट, आयगेन्टलिश असले छोटे शब्द सारखे ऐकू येतील ज्यांचा अर्थ डिक्शनरी चार-चार देते आणि तरी काही कळत नाही. हे शब्द मराठीच्या कानाने ऐका. कोम माल म्हणजे "जरा ये ना". दास इस्ट डॉख क्लार म्हणजे "हे उघडच आहे की". तो माल म्हणजे आपला "जरा" आणि डॉख बऱ्याचदा आपला वाक्याच्या शेवटचा "की", इंग्रजीत यांना धड शब्दच नाही म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ते जड जातात.

चॅटबॉटचा वापर मी एकाच कामासाठी सांगते: आज शिकलेले दहा शब्द द्या आणि ते सगळे येतील असा ए2 लेव्हलचा छोटा संवाद मागा, आणि मग तो मोठ्याने वाचा. संवादातलं एखादं लिंग किंवा क्रियापद शंकास्पद वाटलं तर डीडब्ल्यूडीएसमध्ये पडताळूनच कार्डावर घ्या.

कामासाठी जाणाऱ्यांनी

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी जर्मन शिकणारे खूप वाढलेत, तालुक्याच्या गावांतूनसुद्धा. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की कामाचे शब्द बी1 नंतर बघू असं म्हणू नका. नर्सिंगवाल्यांसाठी आइन टाग डॉइच इन डेअर फ्लेगं हे फुकट ॲप आहे, त्यात वॉर्डमधला दिवस संवादांतून पुढे सरकतो, ड्युटी बदलताना दिलेली माहिती, पेशंटशी बोलणं, डॉक्टरला सांगणं. ए2 संपत आलं की हे सुरू करा, सगळं कळणार नाही, तरी फर्बांट म्हणजे बँडेज आणि ब्लूटड्रुक म्हणजे ब्लड प्रेशर असले शब्द कानावर पडायला लागतील. इतरांनी ग्योटेच्या साइटवर कामाच्या ठिकाणची जर्मन या नावाचे फुकट सराव शोधा. आणि तुमच्या स्वतःच्या हातातल्या हत्यारांची, मशीनची नावं डीडब्ल्यूडीएसमध्ये एकेक करून बघा, ती कुठल्याच यादीत नसतात आणि पहिल्याच दिवशी लागतात.

बी1 ची यादी संपल्यावर

बी2 ला अशी अधिकृत यादी नाही, इथून पुढे शब्द तुम्हीच गोळा करायचे. टागेसशाऊ या जर्मन टीव्हीवरच्या बातमीपत्राच्या 2024 पासून सोप्या जर्मनमध्ये बातम्या येतात, तिथून सुरुवात करा, मग डॉइचे वेलेच्या लांगझाम गेश्प्रोखनं नाखरिष्टन, म्हणजे सावकाश वाचलेल्या बातम्या, त्यांचा मजकूरही सोबत मिळतो. एक बातमी घ्या, आधी मजकूर न बघता ऐका, मग वाचत ऐका. वाचताना अडलेल्या शब्दांतले तीनच निवडा, जे त्या बातमीत दोनदा आलेत किंवा जे मागच्या आठवड्यात कुठेतरी दिसले होते असं वाटतंय. त्या तिघांचं डीडब्ल्यूडीएस पान उघडा, सोबत येणारं क्रियापद बघा, वाक्य त्याच बातमीतलं घ्या, पुढे मराठी लिहा आणि कार्ड सेव्ह करा. जुन्या कार्डांपैकी जी आता विचार न करता येतात ती अँकीत सस्पेंड करून टाका, म्हणजे ती परत समोर येणार नाहीत आणि रोजची उजळणी अर्ध्या तासाच्या वर जाणार नाही.